देवीचा उजवा हात

ही हकीकत आजवर मी दोनच माणसांना सांगितली आहे. पहिले माझे बाबा, कारण त्या दिवशी एस.टी.त ते माझ्या शेजारी बसले होते आणि माझ्याने राहवलं नाही. दुसरे आमच्या वाडीच्या देवळातले गुरव, तात्या. त्यांना ती आधीपासूनच ठाऊक होती, हे मला फार नंतर कळलं. आता लिहिते आहे ते कोणाला काही पटवून देण्यासाठी नाही. मला स्वतःलाच त्या दिवशी सकाळपर्यंत काही पटलेलं नव्हतं. देव आहे की नाही याचा मी कधी नीट विचार केला नव्हता. पण माझ्या आईचा जीव फुलाच्या एका पाकळीवर टांगलेला असावा याचा मला संताप येत होता, आणि तो संताप मी कोणालाच बोलून दाखवत नव्हते.

आमची वाडी पोलादपूरच्या एस.टी. स्टँडपासून चालत पंधरा मिनिटांवर, हमरस्त्याला लागून. घरात आई आणि मी. बाबा जहाजावर. परदेशी पर्यटकांना घेऊन बंदरोबंदरी फिरणाऱ्या एका मोठ्या जहाजावर ते स्टुअर्ड होते, म्हणजे तिथल्या जेवणघरात पांढरा कोट घालून, हातावर ट्रे तोलत वाढायचं काम. दीड-दोन वर्षांनी घरी यायचे, दोन महिने राहायचे, आणि त्यांच्याशी बोलायची मला जरा सवय होते न होते तोच परत जायचे. त्यांच्याच पगारावर मी पाचगणीच्या इंग्रजी शाळेत, वसतिगृहात राहून शिकले. आंबेनळी घाट चढून गेले की मी एक मुलगी असायचे आणि उतरून आले की दुसरी. सुट्टीत वाडीतल्या बायका कौतुकाने म्हणायच्या, "बोल गो बाय, जरा विंग्रजी बोलून दाखव," आणि मी भिंतीला टेकून गप्प उभी राहायचे. बोलण्यापेक्षा बघत राहणं मला सोपं जायचं. अजूनही जातं.

मी बावीस वर्षांची होते, मुंबईत एका कचेरीत टायपिस्ट होते आणि माझगावला मामाकडे राहत होते, त्या वर्षी आईच्या पोटात गाठ निघाली. महाडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता चालढकल नको, महिन्याच्या आत शस्त्रक्रिया झाली पाहिजे. मुंबईच्या इस्पितळात खूप खेटे घातल्यावर एका सोमवारी खाट मिळायचं ठरलं. मी आनंदाने घरी सांगायला गेले तर आई चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाली, "देवीला इचारल्याशिवाय मी सुरीखाली जानार नाय." मी समजावलं, रडले, चिडले. ती एवढंच म्हणाली, "माझी भन न इचारता गेली व्हती." माझी ती मावशी कुठल्याशा शस्त्रक्रियेला गेली आणि परत आली नाही, हे मला माहीत होतं. आईच्या हट्टाखाली भीती होती. हट्टाशी भांडता येतं. भीतीशी कसं भांडायचं ते शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

विचारायचं म्हणजे कौल लावायचा. आमच्याकडे मोठं काम काढण्याआधी वाघजाईला कौल लावतात. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या पाषाणाला, एक उजव्या आणि एक डाव्या बाजूला चिकटवतात आणि वाट बघतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यात अडचण अशी की घराचा कौल घरच्या पुरुषाने, उपाशीपोटी, नारळ हातात धरून मागायचा असतो. बाबांना भाऊ नाही. मी तात्यांना म्हणाले, "मी मागते ना." तात्या वाईट माणूस नव्हे. ते हळू आवाजात म्हणाले, "तू उद्या परघरची, बाय. ह्ये तुझ्या बापाचंच काम हाय." आणि बाप तेव्हा कुठल्या समुद्रात होता देव जाणे.

मी बोटीच्या कंपनीच्या पत्त्यावर बाबांना गाठीचं आणि कौलाचं कळवलं, मग त्यांचं पत्र आलं. त्यांचं जहाज मुंबई बंदराला लागणार होतं, फक्त एका दिवसासाठी. तारीख वाचून मी कॅलेंडर काढलं. इस्पितळातल्या सोमवारच्या आधीचा गुरुवार. पाहुणे मुंबई बघायला उतरतील, नोकरांनाही पाळीपाळीने सुट्टी मिळेल, पण रात्री दहाच्या आत जहाजावर हजर व्हायचं. उशीर झाला तर नोकरी गेलीच आणि दुसऱ्या जहाजावर मिळणंही मुश्कील. मी वहीत वेळापत्रक लिहून काढलं. सकाळी सातची एस.टी. पकडली तर एक वाजता पोलादपूर. दोन तास वाडीत. सव्वातीनची मुंबईकडे जाणारी गाडी, नऊला मुंबई, तिथून टॅक्सी. तेव्हा महाडजवळच्या वीरला रेल्वे आलेली नव्हती, एस.टी. चुकली की दिवस चुकला. प्रत्येक वेळेखाली मी पट्टीने रेघ मारली. देवीवर माझा भरवसा नव्हता, पट्टीने मारलेल्या रेघांवर होता.

त्या गुरुवारी पहाटे साडेपाचलाच मी बॅलार्ड पिअरच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. पाहुण्यांना शहर दाखवायला नेणाऱ्या गाड्या रांगेने उभ्या होत्या. सहा वाजले, साडेसहा झाले. फाटकावरचा शिपाई म्हणाला, "आधी सायबलोक उतरनार, ताई. मग बाकीचे." टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या बायका, गळ्यात कॅमेरे अडकवलेले म्हातारे सावकाश हसत गाड्यांत बसत होते. मी सारखी घड्याळ बघत होते. सात वाजून गेले तेव्हा वहीतली पहिली रेघ माझ्या मनातून पुसली गेली. पावणेआठला बाबा बाहेर आले. पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात एक लहानशी पिशवी, केस पूर्वीपेक्षा विरळ. मला बघून ते थबकले. दोन वर्षांत मीही बदलले असेन. मग त्यांनी टॅक्सीचं दार माझ्यासाठी उघडून धरलं आणि अगदी पाहुणीला विचारावं तसं इंग्रजीत विचारलं, मी बरी आहे ना. मीही इंग्रजीतच उत्तर दिलं. ज्या भाषेसाठी त्यांनी आयुष्य पाण्यावर काढलं, त्या भाषेत आम्ही बापलेक अनोळखी माणसांसारखे बोललो.

सव्वाआठची गाडी मिळाली. वडखळ नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती तिथे गाडी रखडली. मी खिडकीतून दोन वडे घेऊन एक त्यांच्यापुढे केला. त्यांनी मान हलवली. "उपास हाय. कौल मागायचाय ना." मग जरा वेळाने म्हणाले, "तू खा. तुला काय मागायचं नाय." मी दोन्ही वडे तसेच कागदात गुंडाळून पिशवीत टाकले. भूक होती, पण खाववेना.

त्या रखडलेल्या गाडीत मी पाकळ्यांचा विचार करत होते. लहानपणी मी किती कौल पाहिले होते. पाकळी पाण्याने चिकटते. जिला पाणी जास्त ती टिकते, जी लवकर सुकते ती सुटते. यात देवीचा काय संबंध? मग जे काम पाणी करतं त्यावर आईने मरायचं का? हा विचार शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना आवडला असता. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, तो मात्र त्यांना आवडला नसता. कौलाच्या पाकळ्या भिजवून गुरवाच्या हाती द्यायचं काम आमच्याकडे घरच्या मुलीचं असतं. म्हणजे माझं.

पोलादपूरला उतरलो तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते. वाडीपर्यंत आम्ही जवळजवळ धावतच गेलो. आई देवळाच्या ओट्यावर खांबाला टेकून बसली होती, सकाळपासून उपाशी. बाबांना बघून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "सुकलाव किती! बोटीवर खायाला घालत नायत का?"

"मीच वाढतो गो लोकांना," बाबा म्हणाले. "मला कोन वाढनार?"

दोन वर्षांनंतरची त्यांची भेट एवढीच. तात्या आतून ओरडले, "मागनं बोला काय त्ये! ह्येंची गाडी हाय सव्वातीनला."

आमचं देऊळ तेव्हा अगदी साधं, वर पत्रे, आत शेंदूर लावलेला पाषाण आणि एक समई. बाबा नारळ धरून गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभे राहिले. आई त्यांच्या मागे. मी बाजूला ताम्हन घेऊन. तात्यांनी जास्वंदीच्या दोन पाकळ्या निवडून माझ्या ताम्हनातल्या पाण्यात टाकल्या आणि ते देवीकडे तोंड करून समईची वात सारखी करू लागले. सगळ्यांची तोंडं देवीकडे होती. मी एक पाकळी उचलली, हातरुमालात घेतली, बोटांनी दोन्हीकडून दाबली आणि ताम्हनाच्या उजव्या काठावर, पाण्याबाहेर ठेवली. दुसरी ओलीच डाव्या काठावर ठेवली. एवढ्या कामाला किती वेळ लागला असेल? आईने एकदा "वाघजाई माते" म्हणेपर्यंत झालं.

तात्यांनी उजव्या काठावरची पाकळी उचलून पाषाणाला उजवीकडे लावली, डाव्या काठावरची डावीकडे. मग नारळावर हात ठेवून मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "आई वाघजाई, तुझं लेकरू पान्यावरनं तुझ्या दारात आलंय. त्याच्या घरच्या बाईला सुरी लागायची हाय. ती बरी होऊन परत तुझ्या ओट्याला यायची आसंल, तर तुझ्या ह्या उजव्या हाताचं दे," असं म्हणत त्यांनी पाषाणाच्या एका बाजूला बोट केलं.

ती बाजू माझ्या डाव्या हाताला होती.

देवी आमच्याकडे तोंड करून बसलेली. तिचा उजवा हात माझ्या डावीकडे, तिचा डावा माझ्या उजवीकडे. वाडीतलं शेंबडं पोरही हे सांगू शकलं असतं. मी मात्र माझ्या उजव्या-डाव्याने हिशेब केला होता, आणि कोरडी केलेली पाकळी, जी पटकन सुटणार, ती नकाराच्या बाजूला लागली होती. आईने मुंबईला जावं म्हणून मी खोटं केलं आणि त्या खोट्यानेच तिचा रस्ता बंद करून ठेवला. आता ओरडून सांगावं तर कौल मोडला. मोडलेला कौल त्या दिवशी परत लावत नाहीत. आणि बाबांकडे दुसरा दिवसच नव्हता.

मी त्या पाकळीकडे बघत राहिले. मी आयुष्यात कधी कुठल्या वस्तूकडे तसं पाहिलेलं नाही. समईची ज्योत हलली की वाटायचं, सुटली. बाहेर म्हैस हंबरली, रस्त्यावरून ट्रक गेला, पत्रा तापून कुठेतरी कडाडला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दोन्ही पाकळ्या होत्या तिथेच. तात्या मधूनमधून "बोल आई, बोल" म्हणत होते. पडू नकोस, पडू नकोस, असं मी आतल्या आत म्हणत होते. कोणाला म्हणत होते? पाकळीला म्हणत होते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं असतं.

तीन वाजायला पाच मिनिटं उरली तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. ते तात्यांना म्हणाले, "नाय पडली तर?"

"नाय पडली तर आईनं तोंड दिलं नाय," तात्या म्हणाले. "मग परत कधीतरी मागायचं."

परत कधी? बाबा अजून सात-आठ महिने पाण्यावर असणार होते. मला वाटलं ते थांबतील. नोकरी गेली तर जाऊ दे म्हणतील. त्यांच्या चेहऱ्यावरून एकदा तसं काहीतरी गेलंही. मग त्यांनी नारळ उंबऱ्यावर ठेवला आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तसे देवीला म्हणाले, "माझं इचारून झालं. मला जायला लागतंय. आता तू हायस आनि ती हाय. काय ते बघा तुमच्यात." कपाळ उंबऱ्याला टेकवलं आणि वळले ते सरळ बाहेर. मागे पाहिलं नाही.

आई जागची हलली नाही. मला म्हणाली, "तू जा गो त्येंच्यासंगं. त्येंना येकटं धाडू नको. मी बसते हितं." तिचे डोळे मिटलेले होते.

सव्वातीनची गाडी आम्हाला धावत जाऊन मिळाली. माझ्या सगळ्या वेळा जुळल्या होत्या. वहीप्रमाणे आम्ही नऊला मुंबईत पोचणार होतो, आणि मागे देवळात माझी आई एकटी, मी कोरड्या केलेल्या पाकळीपुढे बसली होती. महाडच्या स्टँडवर गाडी थांबली, चहापाण्यासाठी ड्रायव्हर-कंडक्टर उतरले. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी बोलू लागले. मराठीत. आधी शब्द सापडेनात, मग थांबवता येईनात. हातरुमाल, ताम्हन, उजवा काठ, देवीचा डावा हात, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "बाबा, आई आली नाही तर ते माझ्यामुळे."

ते खिडकीबाहेरच बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी पुन्हा कधी बोलणार नाही. मग त्यांनी उजवा हात उताणा करून बोटं पसरली, हातावर ट्रे असावा तशी. "पहिल्या सफरीत वादळ झालं," ते म्हणाले. "मी सुपाच्या वाट्या घेऊन निघालो व्हतो. बोट कलली तशी भीतीनं मी ट्रे दोन्ही हातांनी गच्च धरला. सगळं सूप एका मडमेच्या मांडीवर. आमचा मोठा बटलर गोव्याचा. तो म्हनाला, गच्च धरशील तर बोट हलंल तसा तू हलशील आनि ट्रेपन हलंल. तळवा ट्रेखाली ठेव आनि हात सैल सोड. ट्रे आपला आपन सपाट ऱ्हातो." त्यांनी हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "तू गच्च धरलंस, बाय. आईपायी धरलंस. मीबी धरलं आसतं. आता सोड."

"पण ती पाकळी?"

"ती काय आता तुझ्या हातात हाय?"

नव्हती. हे इतकं उघड होतं, तरी कोणीतरी म्हणेपर्यंत मला दिसलं नव्हतं. मी डोळे पुसले. मनातल्या मनात पहिल्यांदाच, पाकळीला नव्हे, थेट तिला म्हणाले: मी चुकले. तुला काय करायचं ते कर. फक्त ती एकटी आहे, तिच्याजवळ राहा. पिशवीतून मी ते वडे काढले. गार झाले होते. बाबांचं मागणं मागून झालं होतं, म्हणजे उपास सुटला होता. एक त्यांनी खाल्ला, एक मी.

ड्रायव्हर येऊन बसला, पण गाडी सुरू होईना. दोन-तीनदा घरघरली आणि बंद पडली. पुढचे दोघेचौघे धक्का मारायला उतरले. तेवढ्यात स्टँडच्या फाटकातून एक फटफटी जोरात आत आली. चाळिशीचा माणूस, कारखान्यातला खाकी डगला, त्यावर रसायनाचे पिवळे डाग, मागे जेवणाचा डबा बांधलेला. तो खिडक्यांखालून ओरडत चालला, "बोटवाले कोन? पोलादपूरचे बोटवाले हायत का?"

धक्का मारणाऱ्यांतला एकजण म्हणाला, "बोट कसली रे? हितं आमची यस्टी बुडायला लागलीया!" सगळे हसले.

बाबा अर्धे खिडकीबाहेर वाकले. "मी! मी हाय."

त्या माणसाने डगल्याच्या खिशातून केळीच्या पानाची पुडी काढून वर दिली. "तुमच्या बायकोनं दिलंय. उजवी पडली म्हनून सांग म्हनाली. रविवारच्या गाडीनं मुंबैला येते म्हनाली. पोरीला सांग, रडू नको."

बाबांनी पुडी उघडली, आत ती पडलेली पाकळी होती. ती कपाळाला लावून त्यांनी त्या माणसाला हात जोडले. तो मागे सरकला. "मला हात नका जोडू. मी तुमच्या खालच्या बुद्धवाडीतला. आमच्यात ह्ये देवी नि कौल मानत नायत, मीबी मानत नाय. पन बाई रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून हुभी. म्हटलं, आता ह्या बाईला चुकवून जायचं तर आपल्याला पन झोप यायची नाय."

"तुमची पाळी?" बाबांनी त्याच्या डगल्याकडे बघून विचारलं.

"ती गेली. बिरवाडीच्या फाट्यालाच वळायचं व्हतं मला. सायेब बोलंल चार शब्द, त्याचं काय, त्यो रोजच बोलतो." त्याने फटफटी वळवली. "मानो न मानो, निरोप म्हंजे निरोप."

मला त्याला एकच विचारायचं होतं. ओळखीच्या माणसाशीही न बोलणारी मी खिडकीतून ओरडले, "दादा, दुसरी पाकळी? तिचं काय झालं?"

"ती व्हय? तुझी आई म्हनाली, ती चिकटलीया ती चिकटलीया, हालायला तयार नाय." आणि तो गेला. पाठोपाठ आमची गाडी घरघरून सुरू झाली. ती दहा मिनिटं बंद पडली नसती तर तो आम्हाला गाठू शकला नसता. हे मी त्या वेळी मोजलं. नंतर मोजायचं सोडून दिलं.

बाबा वेळेत जहाजावर पोचले. फाटकाशी त्यांनी ती पाकळी माझ्यासमोर आपल्या नोकरीच्या पुस्तकात ठेवली आणि मराठीत म्हणाले, "आईचं पत्र तू लिही. सगळं लिही. तू चांगलं सांगतेस." आई रविवारी आली, सोमवारी खाट मिळाली. त्या खाटेशेजारी बसून मी जे दिवस काढले त्यात भीती नव्हती असं नाही. पण मी हात सैल सोडायला शिकत होते. गाठ साधी निघाली. दीड महिन्यात आई स्वतःच्या पायांनी वाडीत परतली. परतल्यावर ती आधी ओट्याला डोकं टेकवून आली आणि मग नव्या तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात बांधून बुद्धवाडीत त्या माणसाच्या घरी गेली. तिथे त्याच्या बायकोने तिला चहा पाजला. दोघींची तेव्हा जमलेली गट्टी पुढे कायम राहिली.

चैत्रात पालखीला मी घरी गेले तेव्हा तात्यांना एकटं गाठून कबुली दिली. ते वाती वळत होते. मान वर न करता म्हणाले, "ठाव हाय. येक कोरडी व्हती. अंगठ्याला कळतंय की." मी म्हणाले, "मग तुम्ही बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "तुझ्या बापाला येळ नव्हता. आनि मी लावनारा, बाय. पाडनारा मी नव्हे." हाताला कोरडी लागली तेव्हा त्यांनी ती पाकळी पुन्हा पाण्याला लावली का, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी तो विचारला नाही. लावली असेल तर त्यांचे मी उपकार मानते. नसेल लावली तर जिने कोरडी पाकळी धरून ठेवली तिचे. आणि जो मानत नसताना आमच्यासाठी आपली पाळी चुकवून आला, त्याचेही. उपकार मानायला मला आता नक्की पत्ता असावा लागत नाही.

बाबा आता घरीच असतात. आम्ही मराठीत बोलतो, पुष्कळ बोलतो. देवळात गेले की मी अजूनही सवयीने आधी बघते, देवीचा उजवा हात कुठला. तो माझ्या उजवीकडे नाही हे दर वेळी नव्याने आठवावं लागतं. मग मी तळवा उताणा करते, बोटं सैल सोडते, आणि तीर्थ त्यात पडायची वाट बघते.